टेकूचा दगड

तारनाक्याच्या जयवंताबाई आणि त्यांच्या मैत्रिणी पूर्वी रविवारी डबे घेऊन शहराबाहेरच्या खडकांवर जात. एकावर एक बसलेल्या त्या अजस्र दगडांच्या सावलीत गप्पा मारायच्या, डुलकी काढायची, एवढंच. जयवंताबाईंचा मुलगा विकास तिथंच खेळून मोठा झाला. मग त्यानं ती जागा भाड्यानं घेतली, कुंपण घातलं, तिकीट लावलं आणि सगळ्यात वरच्या दगडात लोखंडी खुंट्या ठोकून झिपलाइन ताणली.

ते सगळं बघायला पहिल्यांदाच आलेल्या जयवंताबाई त्या दगडाखाली थबकल्या. "विकास, इथला टेकूचा दगड कुठं गेला?"

"सेल्फीला आडवा येत होता, काढला. टेन्शन नक्को घेऊ आई."

"आज कुणाला वर चढवू नकोस."

रांगेतले लोक वळून बघू लागले. विकास ओशाळून हसला. "बघा, मीच दाखवतो," म्हणत तो शिडीनं वर गेला आणि त्यानं दोन्ही पायांनी जोरात उडी मारली.

दगडाच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज आला. फटीतून बारीक भुकटी जयवंताबाईंच्या खांद्यावर सांडली. स्पीकरवरच्या गाण्यात बाकी कुणाला काही ऐकू गेलं नाही.

विकास उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईचं मनगट घट्ट धरून तो कुजबुजला, "कुणाला बोलू नको."

मग तो पुढच्या मुलीच्या कमरेला पट्टा बांधू लागला. जयवंताबाई शिडीच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसल्या. रांग ओरडू लागली, तरी त्या उठल्या नाहीत.