खालचं नाव

"पेटीत टाकायचं नाही," अलोंझो म्हणाला आणि माझ्या हातातलं पत्रक त्याने काढून घेतलं.

"अरे, कोण बघतंय? घरात कुणी नाही."

"मी बघतोय ना! तिकीट न लावलेला कागद टपालपेटीत टाकणं गुन्हा आहे, स्टॅन. सव्वीस वर्षं काउंटरमागे बसून लोकांवर हेच ओरडत होतास. निवृत्त होताना खात्याच्या चाव्यांबरोबर अक्कलही परत करून आलास का?"

त्याने पत्रक दाराच्या मुठीत खोचलं, दोन पावलं मागे जाऊन ते सरळ दिसतंय ना ते पाहिलं आणि पायऱ्या उतरला.

आम्ही दोघं एकाच टपाल कचेरीतले. मी आत, तो बाहेर. मी तिकिटं विकली, पत्रांचे गठ्ठे लावले. अलोंझो पेटवे एकतीस वर्षं खांद्यावर पिशवी घेऊन लिंडेन रस्त्यावर चालला. कुणाच्या मुलाचं पत्र यायचं थांबलंय, कुणाचं पेन्शन उशिरा येतं, कुणाचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुणाचा चावतो, सगळं त्याला पाठ. रस्ता गोऱ्यांचा. आजोबा-पणजोबा स्लोव्हाकियातून, पोलंडमधून पोलादाच्या कारखान्यात आलेले. कारखाना बंद पडला, माणसं राहिली. अलोंझोची वस्ती रेल्वेच्या रुळांपलीकडे. आमच्या बाजूला तो रोज यायचा, पण पिशवी घेऊन.

त्या वर्षी आमच्या पक्षाने अध्यक्षपदासाठी काळा माणूस उभा केला होता. तो पुढे निवडून आला, ते जगाला माहीत आहे. ही गोष्ट त्याची नाही.

आमच्या कामगार संघटनेने निवृत्त मंडळींना घरोघर पाठवायचं ठरवलं. पत्रकाला दोन बाजू होत्या. पुढे अध्यक्षपदाचा उमेदवार, बायकोमुलींसह. मागे त्याच्या जोडीचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार, गोरा, पांढऱ्या केसांचा, कामगारांच्या घोळक्यात हसत उभा. मतपत्रिकेवर दोघं एकाखाली एक, वर अध्यक्षाचं नाव, खाली उपाध्यक्षाचं. प्रचार कचेरीतल्या, बाहेरगावहून आलेल्या मुलीने रस्त्यांची यादी वाचली आणि नजर न उचलता म्हणाली, "लिंडेन, मेपल, चर्च स्ट्रीट. इथे मागची बाजू वर धरायची."

कुणीतरी फिसकन हसलं. खोलीत काळा माणूस एकटा अलोंझो. मुलीचे कान लाल झाले.

"लिंडेन मला द्या," अलोंझो म्हणाला. "आणि पत्रक मी सरळच धरीन. ती माझी माणसं आहेत, पोरी. एकतीस वर्षं माझ्या हातून कागद घेतायत. हाही घेतील."

त्याला काय हवं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. त्याला नुसती मतं नको होती. त्या रस्त्याने वरचा चेहरा बघून मत द्यावं, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याची आई अलाबामाची, जिथे काळ्यांना मत देऊच देत नसत. एक्कावन्नाव्या वर्षी तिला पहिल्यांदा मत देऊ दिलं, तेव्हा ती चर्चला जायची ठेवणीतली टोपी घालून गेली होती. ते त्याने मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विषय काढला नाही.

आम्ही वाटणी केली. विषम नंबरची घरं त्याची, सम माझी. कागदावर प्रत्येक घरापुढे आकडा लिहायचा. एक म्हणजे पक्कं आपलं मत, पाच म्हणजे पक्कं विरोधात. चार दिवसांत माझ्याकडे एकच्या आकड्याची नऊ घरं झाली. अलोंझोकडे दोन.

त्याला लोक मिठ्या मारत होते. बिस्किटं देत होते. "तू उभा राहिला असतास ना अलोंझो, तर डोळे मिटून दिलं असतं," असं म्हणत होते आणि पत्रक घडी करून खिशात घालत होते. तो खाली मान घालून तीन लिहायचा. म्हणजे सांगता येत नाही.

"तुला कसं जमतं रे?" त्याने एकदा विचारलं.

"बोलण्याची हातोटी लागते," मी म्हणालो.

माझी हातोटी काय होती ते सांगून टाकतो. एवढी वर्षं पोटात ठेवून त्याचा काही उपयोग झालेला नाही. माझ्या बाजूची वांडा दारात हाताची घडी घालून म्हणाली होती, "खालचा माणूस चांगला आहे. पण वरचा... तू समजून घे." मी आवाज खाली आणला. म्हणालो, "अहो, खालचा तर आपलाच आहे ना? आणि वरच्याचं काय... दिवस कसे आहेत बघताय. पुढचं कुणी पाहिलंय?" एवढंच. कुणी त्याला गोळी घालील, असं मी म्हणालो नाही. म्हणायची गरजच पडली नाही. वांडाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पत्रक घेतलं. मी एक लिहिला. मत ते मत, मी स्वतःला सांगितलं. मोजताना कारण कुणी विचारत नाही. मग पुढच्या दारातही तेच वाक्य आपोआप तोंडात आलं.

पाचव्या दिवशी एकसष्ट नंबरचं घर आलं. हलाडिकबाईंचं.

अलोंझोने मलाही रस्त्यापलीकडून बोलावून घेतलं आणि कॉलर नीट केली. "या घरात माझा स्वतःचा कप आहे," तो मला म्हणाला. शंभरदा ऐकलेली गोष्ट त्याने पुन्हा सांगितली. अठ्ठ्याहत्तरच्या बर्फात याच पायरीवर तो घसरला, घोट्याचं हाड मोडलं. इर्मा हलाडिकने एकटीने त्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं, नवऱ्याचा कोट पांघरला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दोन तास त्याचा पाय मांडीवर धरून बसली. तेव्हापासून त्याचा एक हिरवा कप त्यांच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असे. थंडीच्या दिवसांत त्यात कॉफी, नाताळात सोबत अक्रोडाच्या रोलचा जाड तुकडा.

बाई आता सत्त्याऐंशीच्या होत्या. नवरा स्टेफान गेलेला, मुलगी दूर ॲरिझोनात. डोळ्यांचं असं झालं होतं की कडेचं दिसे, मधलं दिसत नसे. समोरच्या माणसाकडे बघायचं तर त्या मान वळवून भिंतीकडे बघत.

"अलोंझो! तुझी पावलं ओळखली मी," त्या दारातून म्हणाल्या. "आणि हा कोण? डोम्बेकांचा स्टॅन? ये, तूही ये. पाय पुसा रे दोघं."

आत कॉफी झाली. मला बशीतला पांढरा कप मिळाला, त्याला हिरवा.

"तुझीच वाट बघत होते मी," बाई त्याला म्हणाल्या. त्यांनी टेबलाच्या खणातून जाड लिफाफा काढला. घरबसल्या मत द्यायची मतपत्रिका होती. "मुलगी फोनवर म्हणते, शेजारच्या कुणाकडून भरून घे. मी म्हटलं, छट्! माझं बंद पाकीट मी फक्त अलोंझोच्या हातात देते. तू वाच, मी सांगते तिथे खूण कर."

अलोंझोने छातीवरचा प्रचाराचा बिल्ला काढून खिशात टाकला. "बाई, मी त्या पक्षाचं काम करतोय, हे माहीत आहे ना तुम्हाला? दुसरं कुणी हवं असेल तर..."

"गप रे. तू कधी माझं पोस्टकार्ड तरी वाचलंस का?"

"एकदा वाचलं होतं. तुमच्या बहिणीचं. अक्षर फार सुरेख होतं."

त्या खुदकन हसल्या. त्याने चष्मा लावला, पेन काढलं आणि सावकाश, चर्चमध्ये वाचतात तसं, एकेक जोडी वाचून दाखवली. आधी दुसऱ्या पक्षाची, मग आपली. आवाजात फरक पडू दिला नाही.

"हां, ही," बाई म्हणाल्या. "यातलं खालचं नाव. त्याच्यावर खूण कर. वरच्यावर नको."

अलोंझोचं पेन थांबलं. "तसं नाही करता येत, बाई. दोघांना मिळून एकच गोल असतो."

"म्हणजे?"

"द्यायचं तर दोघांना. नाहीतर दोघांनाही नाही."

"हा काय गाढवपणा! मला नुसता खालचा हवाय. तो आपल्यातला आहे. त्याचा बाप माझ्या स्टेफानसारखाच राबलेला असणार, तोंडावरून कळतं. वरच्याचं..." त्यांचा हात टेबलावरून चाचपत अलोंझोच्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. "तुझ्याविषयी नाही हं बोलत मी. तू वेगळा. पण तिथे, त्या घरात, त्या खुर्चीत? मला नाही रे पटत. स्टेफान थडग्यात उठून बसेल."

"मग दुसऱ्यांच्या गोलावर करू खूण?" अलोंझोने विचारलं. अगदी शांतपणे विचारलं. त्याने पेन त्या गोलाकडे नेलंसुद्धा. बाईंना मधलं दिसत नव्हतं. त्याने कुठेही खूण केली असती तरी पृथ्वीच्या पाठीवर कुणाला कळलं नसतं.

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. "स्टॅन, तूच वांडाला सांगितलंस ना? ती काल म्हणत होती मला. वरचा काही फार दिवस टिकायचा नाही, कुणीतरी उडवीलच त्याला, मग खालचाच अध्यक्ष. खरं आहे ना ते?"

मी तसं म्हणालो नव्हतो, हे सांगता आलं असतं. पण मी तसंच म्हणालो होतो.

अलोंझोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी आजवर त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो. पत्ता चुकलेलं पाकीट पाहावं तसं त्याने मला पाहिलं, वरपासून खालपर्यंत, नीट वाचून.

"बोल की रे," बाई म्हणाल्या. "वरचा गेला तर खालचा चढतो ना?"

उत्तर अलोंझोनेच दिलं.

"हो, बाई. कायदा तसाच आहे."

"मग झालं तर! कर खूण. दोघांवर कर." त्यांनी त्याचं मनगट प्रेमाने थोपटलं. प्रेमानेच, त्याबद्दल मला शंका नाही. "तुझंही काम झालं, माझंही झालं. खूश ना?"

त्याने खूण केली. गोल काठोकाठ भरला, रेषेबाहेर शाई जाऊ दिली नाही. कसा भरला, देव जाणे. मग खालची उरलेली नावं वाचली, गावच्या शाळा समितीपर्यंत सगळी, सांगितलं तसं भरलं. बाईंचा हात धरून सहीच्या रेघेवर नेला. लिफाफा बंद केला, तिकीट चिकटवलं. हिरव्या कपातल्या कॉफीवर साय धरली होती. त्याने कपाला हात लावला नाही.

"रोलचा तुकडा नेतोस ना?"

"आज पोट भरलंय, बाई. दाराला कडी घाला. बाहेर भुरभुर लागलीय."

फाटकापाशी खांबावर त्यांची पत्र्याची टपालपेटी होती. तिचं झाकण वीस वर्षांपासून ढिलं, आपोआप उघडणारं. पावसात पत्रं भिजू नयेत म्हणून अलोंझो नोकरीत असताना त्यात पुठ्ठ्याची चकती अडकवत असे. त्याने लिफाफा आत ठेवला, झाकण लावलं. ते उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. त्याने खिसे चाचपले. मग पिशवीतून एक पत्रक काढलं, बोटाने सरळ केलं आणि चार घड्या घातल्या. चेहरा आत राहील अशा. ती जाड घडी त्याने झाकणाच्या फटीत बाहेरून घट्ट बसवली. पेटीच्या कडेचा छोटा लाल झेंडा त्याने वर केला. आत पत्र आहे, घेऊन जा, असं तो पोस्टमनला सांगतो.

"अलोंझो," मी म्हणालो. "मी तसं..."

"तुझे किती झाले?"

"नऊ."

"दहा लिही."

"हे घर विषम आहे. तुझ्या बाजूचं."

"असू दे. मत तुझं आहे."

त्याने बिल्ला पुन्हा छातीवर लावला. पिन दोनदा चुकली. मी मदतीला हात पुढे केला, तो त्याला दिसला नाही, किंवा दिसला. सव्वीस वर्षं रोज सकाळी याच हाताने मी त्याच्या पिशवीत पत्रांचे गठ्ठे भरले होते.

"घरी चल," मी म्हणालो. "पाऊस वाढतोय. उरलेली उद्या करू."

"उद्यापासून तू मेपल घे," तो म्हणाला. "लिंडेनच्या दोन्ही बाजू मी करीन."

आणि तो चालू लागला. अठ्ठ्याहत्तरात मोडलेला पाय ओल्या दिवसांत जरा ओढला जायचा, तसा आजही ओढला जात होता. मी हातात कागद धरून लाल झेंड्याजवळ उभा होतो. एकसष्टच्या रकान्यात आकडा लिहायचा होता आणि माझ्याने तो लिहवत नव्हता.

त्रेसष्ट नंबरच्या पायरीवर त्याने टोपी काढली, पत्रकावरचं पाणी बाहीने पुसलं, पुढची बाजू वर धरली आणि दार वाजवलं.