बोगद्यातली विभूती

"निघाली! निघाली! आई परसन झाली!"

गाडा बोगद्यातून बाहेर ओढला आणि कारखान्यातल्या साठ-सत्तर बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. जाळीच्या ट्रेमध्ये कांद्याचे काप खडखडीत वाळले होते आणि त्यांच्यावर बारीक राखाडी भुकटी पसरली होती. आत तर नुसती गरम हवा. चूल नाही, लाकूड नाही, गोवरी नाही. मग राख आली कुठून?

"कुठून मंजे?" अंगात आलेला भगत नत्थुबाबा डोळे फिरवत गरजला. "आईच्या धुनीतून! विभूती हाये हे! पलटनीतला शिपाई हा कांदा खाईन, अन् दुश्मनाची गोयी त्याच्या छातीवरून घसरून पडन!"

गोळी काय करील ते दुश्मनालाच ठाऊक, पण बायकांनी ती भुकटी कपाळाला फासली. एकीने पोराच्या खोकल्यावर म्हणून चिमूटभर पदराच्या गाठीला बांधली.

लढाईचे दिवस होते. बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डाला लागून असलेल्या या कारखान्यात पलटणीसाठी कांदा वाळायचा. आसपासच्या माळ्यांच्या मळ्यांतून गाड्या यायच्या, बायका काप करायच्या आणि कापांचे गाडे एका लांबट खोलीत ढकलायच्या. त्या खोलीला सगळे बोगदा म्हणत. मागचा मोठा पंखा बाहेरची हवा ओढी, ती वाफेच्या नळांवरून तापून कांद्यावरून फिरे. हवा शिरायच्या तोंडाशी कापड ताणलेल्या चार लाकडी चौकटी होत्या. धूळ अडवायची ती त्यांनीच.

दर सोमवारी त्या चौकटी काढून धुवायच्या, वाळवायच्या, परत बसवायच्या, हे काम शकुनचं. माळ्याची शकुन हाताची स्वच्छ, म्हणून फिटर खुशालरावांनी तिला कांदा कापण्यातून उचलून हे काम शिकवलं होतं आणि तिला त्याचा भारी तोरा होता. या सोमवारी खुशालराव हिवतापाने हिवरखेडला घरी गेले आणि त्याच दिवसापासून बोगद्याचं बिनसलं. पंखा घरघरू लागला. कांदा वाळायच्या ऐवजी उकडून आंबू लागला. मॅनेजर भगवंतरावांनी नळ तपासले, बॉयलरवाल्याला शिव्या घातल्या, शेवटी हात टेकले. तेव्हा गुरुवारी कुणीतरी नत्थुबाबाला आणलं आणि त्याच्या पहिल्याच पूजेला ती विभूती निघाली.

बाबाने बोगद्याच्या मागच्या तोंडाशी लाल पडदा बांधला. आत तो एकटाच बसायचा. "आईचं मुख उघडं होते. पाह्यलं त्याचे डोये गेले समजा!" म्हणून बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून घंटा बडवायच्या. घटकाभराने पंखा मोकळा वाजे, कांदा वाळे, वर विभूतीही पडे. संध्याकाळी बाबा पुन्हा पडद्यामागे जाऊन 'आईला निजवून' येई. सकाळी बोगद्याचं रडगाणं होतं तसंच.

आज शनिवार, बाबाचा तिसरा दिवस. आज त्याने चोर सांगितला.

"करनी हाये! याच कामावरच्या बाईची." त्याचं बोट मनकर्णाबाईवर थांबलं.

मनकर्णाबाई विधवा, एकटी, जिभेची तिखट. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "आई निजते तं तिले रोज उठवता कायले?" बाबाने तेवढं लक्षात ठेवलं होतं. आता दुपारच्या पूजेनंतर तिचं तोंड काळं करून, गळ्यात लिंबांची माळ घालून तिला शिवेबाहेर काढायचं ठरलं.

"सोमवारी माल गाडीत चढला पाहिजे," भगवंतराव घड्याळाकडे बघत म्हणाले. "बाई गेल्याने चढत असेल तर जाऊ द्या बाईला."

शकुन जागेवर बसेना. पाण्याच्या नळाशी गेली, कशाला आलो ते विसरून परतली. फडकं हातात घेतलं, ठेवलं, परत घेतलं. कारण सोमवारी तिने एक गोष्ट केली होती. तपासणीला लष्करी साहेब येणार होता. आपल्या चौकटी झळकाव्यात म्हणून धुतल्यावर तिने कापडांना खळ दिली होती, नवऱ्याच्या धोतराला देते तशीच, पेजेची दाट खळ. कापड असं कडक झालं की साहेबाने टिचकी मारून 'गुड' म्हटलं. खळीनं कुठं कांदा नासतो, असं ती पाच दिवस स्वतःला सांगत होती.

तिने ट्रेला चिकटलेली ती विभूती चिमटीत चोळली. गोवरीची राख बोटावरून उडून जाते. ही चिकटली, काळी रेघ उमटली, वास कोळशाचा आला. ही घाण तिच्या ओळखीची होती. यार्डातल्या इंजिनांची ही काजळी दर सोमवारी ती चौकटींतून धूत होती. ती कांद्यावर पडते म्हणजे बाबाच्या पूजेच्या वेळी चौकटी जागेवर नसतात. आणि चौकटी नसल्या की बोगदा चालतो! संध्याकाळी 'निजवताना' बाबा त्या परत बसवतो, की सकाळी पुन्हा बंद. म्हणजे हवा अडते ती चौकटींनीच. आणि चौकटींत या हप्त्यात नवी होती ती फक्त तिची खळ.

दुपारी पूजा सुरू झाली. घंटा वाजू लागल्या. मध्ये मनकर्णाबाईला बसवलं होतं आणि एकजण वाटीत तेल-काजळ कालवत होता. शकुनने घंटा खाली टाकली, तरातरा गेली आणि पडदा ओढून काढला.

नत्थुबाबा उकिडवा बसला होता. दातांत पाना, हातात एक चौकट, दुसरी भिंतीला टेकवलेली.

"आईनं... आईनं देल्ली हातात!" बाबाच्या तोंडचा पाना खाली पडला.

"पानाबी आईनंच देल्ला का?" मनकर्णाबाईने बसल्या जागेवरून विचारलं.

हशा उसळला. "हे आटे सोडायला शिकलास कुठे?" भगवंतरावांनी त्याची मानगूट धरली.

"अकोल्याच्या जिनिंगात मशिनीचा तेलवाला होतो, साहेब." पण गडी बिलंदर होता. लगेच सावरला. "बरं, म्या काढल्या! काढल्यावर हवा चालते का नाही? दोन सालापासून चौकटी अथीच हायेत. मंग याच हप्त्यात हवा कोनं बांधली? करनीच ना?"

हसू थांबलं. बोलणं खोटं नव्हतं. नजरा पुन्हा मनकर्णाबाईकडे वळल्या. काजळवाल्याने वाटी उचलली.

खळीचं कुणालाच ठाऊक नव्हतं. शकुन गप्प राहिली असती तर तिचं काही बिघडलं नसतं.

"म्या बांधली!" ती ओरडली. "करनी नाही, खळ! साहेब येनार म्हनून म्या कापडाले खळ देल्ली!"

कुणाला कळेना. शकुनने बाबाचीच आरती ओढून घेतली आणि चौकट ज्योतीसमोर उभी धरली. "फुका! कोनीबी या, फुका!" तिघीचौघींनी कापडातून फुंकर घातली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, ज्योत हलली नाही. मग तिने मनकर्णाबाईचा साधा पदर दुहेरी करून धरला. एका फुंकरीत ज्योत विझली.

"दोन्ही कापडंच ना? एकाची भोकं खळीनं बुजली, एकाची मोकयी हायेत. बोगद्याचा श्वास म्या कोंडला, अन् यानं चौकटी काढून तुमच्या कपायाले इंजिनचा कोयसा लावला!"

या गडबडीत नत्थुबाबा पडदा, आरती, सगळं टाकून यार्डाच्या बाजूने पसार झाला.

त्याच दुपारी कापडं कढत पाण्यात टाकून खळ काढली. विरलेली दोन बदलून कोरं कापड ताणलं. रविवारी सकाळी चारही चौकटी बसवून बोगदा चालू केला. कांदा खडखडीत निघाला आणि पांढरा निघाला. विभूतीचा कण नव्हता.

भगवंतरावांनी शकुनला चौकटींच्या कामावरून काढून पुन्हा कांद्यावर बसवलं. ती बसली तेव्हा शेजारची कुजबुजली, "मंग देवीनं काहीच नाही केलं वो?"

"देवीले कायले ओढता?" शकुन म्हणाली. "चीज बिघडली तं उघडून पाहा. काल चालत होती, आज नाही, तं मंधात काय बदललं ते इचारा. नाही सापडलं तं अजून पाहा. पन कारन सापडत नाही म्हनून मानसाचं तोंड कायं करू नोका."

मनकर्णाबाई समोर येऊन बसली. तिने एक कांदा चिरला, मग दुसरा.

"खळीचं तुह्या मनात कवा आलं?"

"पयल्याच दिशी."

"मंग पाच दिस चूप काहून होती?"

"काम जाईन म्हनून भेव वाटलं."

"माहं तं गाव चाल्लं होतं, शकुन."

 शकुनने मनकर्णाबाईच्या पुढ्यातली टोपली अर्धी आपल्याकडे ओढून घेतली आणि ती कापू लागली.