ढमालीचं तेलपाणी

गोलपोस्टची जाळी बांधताना उस्ताद शिडीवरून पडले आणि त्यांचा खांदा निखळला. त्या दिवसापासून मैदानावरचं गवत असं माजलं, की जणू ते त्यांच्या पडण्याचीच वाट बघत होतं.

उस्ताद क्लबच्या फुटबॉल मैदानाचे राखणदार. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली दोन खोल्या होत्या, तिथे ते आणि त्यांची बायको राहत. तिला अख्खा क्लब वहिनी म्हणे. उस्तादांना उस्ताद हे नाव पडलं ते ढमालीमुळे. ढमाली म्हणजे मैदानाचं गवत कापायचं मशीन. पेट्रोलवर चालायचं, दोरी खेचून सुरू करायचं, आणि उस्तादांशिवाय दुसऱ्या कुणाला दाद द्यायचं नाही. ते दोरी खेचण्याआधी तिच्या टाकीवर थोपटत, एखाद्या अडेल म्हशीला थोपटावं तसं.

आता हात गळ्यात बांधलेला. डॉक्टरांनी दमच दिला होता, दोरी खेचलीत तर खांदा कायमचा जाईल. मग वहिनींनी पदर खोचला आणि ढमाली बाहेर काढली.

खूप ओढाताण केल्यावर ती सुरू झाली खरी, पण तिने असा निळा धूर ओकला की सरावाला आलेला गोलकीपर खोकत खोकत गोल सोडून पळाला. जेमतेम एक पट्टा कापून झाला आणि ढमालीने मान टाकली.

नेमके त्याच वेळी क्लबचे सेक्रेटरी फाटकातून आत आले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. रविवारी फायनल होती, बाहेरचा संघ येणार होता, आणि मैदानावर चेंडू टाकला तर सापडू नये अशी अवस्था.

"वहिनी, मी ठेकेदाराला सांगून ठेवलंय. शनिवारी सकाळी त्याचं मोठं मशीन येईल. पुढेही तोच बघेल म्हणतो."

"पुढेही म्हणजे?"

सेक्रेटरी चपलेने गवत उकरत राहिले. पुढेही म्हणजे काय ते वहिनींना समजलं. राखणदारच नको झाला, तर पायऱ्यांखालच्या दोन खोल्या तरी कशाला कुणी देईल?

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मैदान कापून दिलं तर?"

"या धुराड्याने?"

"कशाने ते माझं मी बघते. दिलं तर?"

"तर ठेकेदाराला नाही म्हणून कळवतो. शब्द दिला," सेक्रेटरी म्हणाले, आणि रुमालाने नाक दाबून निघून गेले.

उस्ताद पायरीवर बसून सगळं ऐकत होते. "ढमाली संपली," ते म्हणाले. "निळा धूर म्हणजे इंजिन गेलं. मी एवढं जपलं तिला. ऑइल कधी कमी पडू दिलं नाही, वरपर्यंत भरायचो. शिवाय पेट्रोलमध्येही चमचा-दोन चमचे टाकायचो. इंजिनाला लोणी लावल्यासारखं होतं."

वहिनींनी बाजाराची पिशवी उचलली. इंजिनाचं कळत नसलं, तरी कढईत तेल जास्त झालं की धूर होतो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

बाजाराच्या टोकाला एक सुट्ट्या भागांचं दुकान होतं. दुकानदार काउंटरमागे इतका घट्ट बसलेला असे की तोही एखादा न विकला गेलेला भागच वाटावा.

"ऑइल पाहिजे. गवताच्या मशीनला."

"टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?"

"ते कसं ओळखायचं?"

"बरं, असं सांगा. पेट्रोल आणि ऑइल एकाच टाकीत जातं, की ऑइलला वेगळं तोंड आहे?"

"वेगळं आहे. झाकणाला पट्टी आहे, बुडवून बघायची."

"मग फोर-स्ट्रोक. हवा उकाड्याची आहे, तीस नंबरचं घ्या. थंडी पडली की पातळ लागेल, दहा-तीस."

"आणि पेट्रोलमध्ये किती मिसळायचं?"

"थेंबसुद्धा नाही! ते टू-स्ट्रोकचं काम. तुमच्यात कोण मिसळतं?"

"शेजारचे," वहिनी म्हणाल्या.

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि शेजाऱ्यांचा विषय तिथेच सोडला. "पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मध्ये हवं. कमी झालं तर इंजिन जळतं, जास्त झालं तर धूर ओकतं. पेट्रोल कधीचं आहे?"

"कॅनमध्ये आहे. मागच्या हंगामातलं."

"ते पेट्रोल राहिलं नाही, वहिनी, त्याचा काढा झाला. ताजं आणा, आणि महिनाभरात संपेल तेवढंच आणा."

वहिनी ऑइल, नवा स्पार्क प्लग आणि नव्या पेट्रोलचा कॅन घेऊन परत आल्या तेव्हा उस्ताद तोंड फुगवून बसले होते.

"त्या दुकानदाराने काय, माझी ढमाली मला शिकवली का?"

"तुम्हाला नाही, मला शिकवली. तुम्ही आराम करा."

त्यांनी पायऱ्यांच्या सावलीत पोतं अंथरलं. दुकानदाराने बजावल्याप्रमाणे आधी प्लगची वायर काढून बाजूला केली, कारण पात्याशी हात जाणार आणि इंजिनाने नेमकी तेव्हाच उचकी दिली तर बोटं राहायची नाहीत. टाकीतलं जुनं पेट्रोल एका डब्यात उतरवलं. त्याला आंबट, रंगासारखा वास येत होता. कार्बोरेटरची वाटी उघडली, तर तळाशी चिकट पिवळा थर. तो पुसला. जुना प्लग काळाकुट्ट, ओला. तो काढून नवा बसवला. इंजिनाच्या पंखांसारख्या पट्ट्यांत सुकलेलं गवत घट्ट बसलं होतं, ते काडीने कोरून काढलं. उस्ताद लांबून बघत होते. मध्येच उठून दोन पायऱ्या खाली येऊन बसले.

मग जुनं ऑइल काढायला वहिनींनी ढमाली कलती केली. डावीकडे केली, आणि काळं ऑइल भळाभळा एअर फिल्टरमध्ये शिरलं.

वर पायरीवर कुणीतरी हसायला लागलं. उस्तादांना इतकं हसू आलं की खांदा दुखला, आणि "आई गं" म्हणून विव्हळतानाही ते हसतच राहिले.

"फिल्टरची बाजू वर ठेवायची असते गं! एवढंही नाही सांगितलं तुझ्या दुकानदाराने?"

"तुम्ही सांगायचं होतं! इथेच तर बसला होतात!"

"मला विचारलं कुणी?"

वहिनी हातभर काळ्या झालेल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि राग येता येता त्यांनाही हसू फुटलं.

"विचारते. आता या खाली."

उस्ताद खाली आले. त्यांनी ढमाली उजवीकडे कलती करायला लावून उरलेलं जुनं ऑइल काढवलं. फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात कसा चुबकायचा, पिळायचा नाही, नुसता दाबायचा, हे त्यांनी एका हाताने दाखवलं. तो सुकल्यावर त्यावर ऑइलचे थेंब टाकायचे, हेही. ऑइल भरताना मात्र त्यांचा जीव खालीवर होत होता.

"अजून घाल. थोडंसं."

वहिनींनी पट्टी पुसली, बुडवली, उन्हात धरली. ऑइल मधासारखं, वरच्या खुणेच्या जरासं खाली. "पुरे झालं."

"अगं, एक झाकण तरी..."

"अहो, त्या लोण्यानेच ती गुदमरली होती."

उस्तादांनी पट्टीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बराच वेळ दाढी खाजवली. "पहिलं मशीन होतं ना, त्यात मिसळायला लागायचं," ते हळूच म्हणाले. "तीच सवय लागली. हिचं वेगळं असेल, हे डोक्यातच आलं नाही."

"नाही येत कुणाच्याच. चला, चोक ओढा."

वहिनींनी दोरी खेचली. काही नाही. पुन्हा खेचली. पुन्हा. कपाळावर घाम जमला. उस्तादांनी अगदी पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "पेट्रोलचा नळ उघडलाय का?"

वहिनींनी नळ उघडला, नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता, आणि दोरी खेचली.

ढमाली एकदा ठसकली आणि सुरू झाली. धूर नाही. नुसता एकसारखा, भरदार आवाज. उस्तादांनी डोळे मिटून तो ऐकला. इतकी वर्षं वहिनींनी तो आवाज स्वयंपाकघरातून ऐकला होता. आज तो त्यांच्या हातांतून येत होता.

शुक्रवारी उन्हं चढायच्या आत त्यांनी मैदानात पाय टाकला. पातं उस्तादांनी शेजारच्या सुताराकडून धार लावून आणवलं होतं. पट्ट्यामागून पट्टा पडू लागला. कापलेल्या गवताचा हिरवा वास पायऱ्यांपर्यंत पोचला, तशी सरावाला आलेली मंडळी बूट बांधायचं सोडून बघत बसली.

अर्धं मैदान झालं असेल. ढमालीचा आवाज बारीक होत गेला, अडखळला आणि विझला. वहिनींनी दोरी खेचली, ती सुरू झाली, थोडी चालली, पुन्हा तशीच विझली. टाकीत पेट्रोल होतं. प्लग ठीक होता. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. सेक्रेटरी फाटकाशी उभे, हातात फोन.

उस्ताद मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आले. "पुन्हा चालव. मला ऐकू दे."

ढमाली सुरू झाली, चालली, मंदावली, थांबली.

"ठिणगी गेली असती तर थोबाडीत मारल्यासारखी गप्प झाली असती," उस्ताद म्हणाले. "ही हळूहळू गेली. हिला तहान लागलीये. टाकीत आहे, पण घशाखाली उतरत नाही." ते थांबले. "झाकण सैल कर बघू."

वहिनींनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली.

"बघ! झाकणाला बारीक भोक असतं, हवा आत यायला. ते बुजलंय. हवा आत येत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही."

वहिनींनी केसातली पिन काढली. झाकण पूर्ण उघडून बाजूला नेलं आणि भोकातला सुकलेला चिखल टोकरला. फुंकर मारून उजेडाकडे धरलं, तेव्हा भोकातून आकाशाचा एक ठिपका दिसला.

"उस्ताद ते उस्तादच," त्या म्हणाल्या.

"आणि तू?"

"मी वहिनी. व्हा बाजूला."

त्यानंतर ढमाली थांबलीच नाही. वहिनींनी उरलेलं मैदान कापलं, गोलच्या मागचं कापलं, कोपऱ्यातल्या झेंड्यांभोवती कापलं, आणि हात थांबेनात म्हणून फाटकापर्यंतची वाटही कापून टाकली. सेक्रेटरी बाजूला सरले नसते तर त्यांच्या पॅंटच्या कडाही गेल्या असत्या. मैदानावर फिकट आणि गडद हिरवे पट्टे एकाला एक लागून पडले होते, इस्त्री केलेल्या कापडासारखे. सेक्रेटरींनी वाकून हात फिरवून पाहिला. मग फोन कानाला लावला.

"नको," ते ठेकेदाराला म्हणाले, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "नाही, शनिवारी नको. पुढेही नको. आमच्याकडे माणसं आहेत. हो, दोघं."

पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. गोलकीपरने शिट्टी मारली.

रविवारी फायनलला पायऱ्या तुडुंब भरल्या. पाहुण्या संघाच्या कप्तानाने मैदानावर पाय ठेवताच विचारलं, तुमच्याकडे नवीन मशीन आलं का? क्लबचा कप्तान हसला, आणि सामना सुरू व्हायच्या आधी चेंडू काखेत मारून थेट वहिनींकडे आला.

"पहिली किक तुमची, वहिनी."

"काहीतरीच काय! साडीत?"

"उस्ताद, सांगा हो त्यांना."

"माझं कधी ऐकलंय तिने?" उस्ताद म्हणाले, आणि चांगल्या हाताने त्यांनी बायकोला पुढे ढकललं.

वहिनी मध्यावर गेल्या. चपला काढून ठेवल्या. तळव्यांना गवत गार आणि सारखं लागलं, कुठे एक खुंटसुद्धा टोचला नाही. त्यांनी निऱ्या जरा वर घेतल्या आणि लाथ मारली. चेंडू उसळला नाही, कुठे अडला नाही. हिरव्या पट्ट्यावरून सरळ, सरळ धावत गेला, आणि त्याच्यामागे अख्ख्या मैदानाचा आवाज उठला.