बोरसे आणि बोरसे

आमचे हे जळगावला कॉलेजात भाषा शिकवायचे आणि घरी येऊन माझं डोकं खायचे. "यशोदा, ऑस्ट्रेलियात आदिवासींची एक बोली आहे, तिच्यात कुत्र्याला डॉगच म्हणतात. इंग्रजांकडून घेतलेला नाही, त्यांचाच शब्द. शब्द सारखा निघाला म्हणून नातं असतंच असं नाही." मी म्हणायची, "बरं झालं सांगितलंत, आता दळण आणा."

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या कुंदाने धुळ्याचा मुलगा पसंत केला. पंडित बोरसे, शाळेत मास्तर, सुपारीचंही व्यसन नाही. पण आम्हीही बोरसे. आडनाव एक म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदात सोयरीक होत नाही, एवढंच लोकांना ठाऊक. यांनी धुळ्याला जाऊन चौकशी केली. त्यांचं कूळ वेगळं, लग्नात पूजतात ते देवकही वेगळं. म्हणजे नात्याचा संबंधच नाही. "निर्धास्त राहा, बैठकीत मी सांगतो," असं कुंदाला म्हणाले. पोर घरभर गुणगुणत फिरायची.

बैठकीत यांचे थोरले भाऊ अभिमन आबा म्हणाले, "बोरसे बठ्ठा भाऊबंद शेतस. विषय संपना." सगळेच बोरसे भाऊबंद म्हटल्यावर विषय संपलाच. मी दाराआडून यांच्याकडे पाहिलं. थोरल्या भावापुढे या माणसाने जन्मात तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशीही मान खाली घालून बसले. असा संताप आला मला, पण बैठकीत बायकांना कोण विचारतो?

कुंदाला शिंदखेड्याला दिली. जावई पितो, हात उगारतो. जळला तो संसार.

पुढे काही वर्षांनी कुंदा लेकीला घेऊन आखाजीच्या सणाला माहेरी आली, तेव्हा पुन्हा बैठक बसली. आता आबांच्याच नातवाला बोरशांची मुलगी आवडली होती. आबा यांना म्हणाले, "तू शिकेल माणूस, लोकेस्ले समजाडी सांग."

आणि हे उठले. नाव एक, मुळं दोन, देवक वेगळं, सगळं असं घडाघडा सांगितलं की लोक माना डोलवायला लागले. सोयरीक ठरली, पेढे वाटले.

कुंदा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. ट्रे खाली ठेवून ती यांच्याजवळ आली.

"नाना, किती छान सांगता हो तुम्ही," एवढंच म्हणाली.

सण दुसऱ्या दिवशी होता. तिने लेकीला कडेवर घेतलं, पिशवी भरली आणि एस.टी. स्टँडची वाट धरली. हे पिशवी घ्यायला मागे धावले. तिने दिली नाही.