शिंपल्याची कड

मला शेवाळ, गाळ, गोगलगाय, काहीच बघवत नाही. आमच्या गावच्या तळ्यात मी लहानपणीसुद्धा पाय बुडवला नाही. पायऱ्यांना चिकटलेले शंख, त्यांच्या अंड्यांचा बुळबुळीत लगदा, वर म्हशींचं शेण. शी!

आणि बाळंतपणाला माहेरी आले, तर आईनं त्याच तळ्यातले शिंपले पदरात घालून आणले. जित्ते!

"अगं आई, ही काय घाण आणलीस?"

"तुझ्या लेकीसाठी," ती म्हणली.

लेक आठव्या महिन्यातच झालेली. अंगावर ओढायची ताकद न्हाई, रडणं म्हणजे नुसतं कण्हणं. लोह्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणल्या होत्या, दूध काढून पाजा, वजन वाढलं न्हाई तर नांदेडला काचेच्या पेटीत ठेवावं लागंल. चमच्यानं पाजलं की अर्धं दूध मानेवर, अर्ध्याचा ठसका. मी रडकुंडीला आलेली.

"तुला शिंपल्यानं दूध पाजूनच जगवलंय," आई म्हणली आणि विळ्याचं टोक घालून तिनं एक फोडला. आत पिवळट, लिबलिबीत गोळा, अजून हलून राहिला होता. तिनं तो बोटानं खरवडून कोंबड्यांपुढं टाकला. सडक्या गाळाचा भपकारा आला. वर शिंपला उकळायला ठेवला माझ्याच भाताच्या पातेल्यात!

"त्यात मी जेवते, बाई!"

"मग दुसरं घे की."

चांगलं खळखळून उकळून, दगडावर घासून तिनं तो माझ्या हातात दिला. "कड ओठावरून फिरव."

"मी?"

"मग काय शेजारीण? माझे ओठ राठ झालेत, त्यांना काय कळतंय. पोरीचं तोंड कापलं म्हंजे?"

डोळे मिटून फिरवला. ओठाला बारीक चरा पडला आणि जिभेवर गाळाची चव आली. मोरीत जाऊन भडाभडा ओकले. आईनं परत घासला, परत उकळला. परत ओठ, परत मोरी. तिसऱ्या खेपेला कड गुळगुळीत लागली.

निमुळतं टोक लेकीच्या गालात बसलं. दूध आत गेलं. ठसका न्हाई. घोट दिसला, गळ्यावर, इवलासा. पुन्हा एक.

शिंपला रिकामा झाला आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा ती घर दणाणून रडली.

"आगं, भूक लागली तिला!" आई म्हणली.

मी घाईघाईनं शिंपला दुधात बुडवला. आधी कड ओठाला लावून बघितली. शी, कसली घाण चव!