टेपवरचं बटण

टेबलं चौदा. स्टुलं अठ्ठावीस, शिंप्याच्या टेपा अठ्ठावीस, शर्टाची काळी बटणं अठ्ठावीस, पाकिटं अठ्ठावीस. विद्यार्थी सत्तावीस.

"एक कमी आहे," बाबा म्हणाले. मी अजून हजेरीही घेतली नव्हती. बाबा या शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत. तीस वर्षं परीक्षानळ्या मोजताहेत, त्यामुळे पोरंही त्यांना एका नजरेत मोजता येतात. खिडकीजवळच्या चौदाव्या टेबलाशी दोन वेण्यांची एक मुलगी एकटीच बसली होती.

खेळ मी बनवला होता. आठ महिने लागले. राजकारणावरून माणसं एकमेकांपासून किती दूर जातात आणि परत जवळ येतात का, हे नववीच्या मुलांना स्वतःच्या हाताने मोजता यावं, एवढाच उद्देश. प्रत्येकाला एक पाकीट, त्यात एका खऱ्या माणसाची सोळा वाक्यं, प्रत्येक वेगळ्या पुठ्ठ्यावर. नाव नाही. आधी राजकारणाची आठ वाचायची, शेजाऱ्याशी बोलायचं आणि या माणसाला आपण किती लांब बसवू तिथं टेपवर बटण ठेवायचं. शून्य आपल्या बाजूला, दीडशे टेबलाच्या पलीकडच्या कडेला. मग त्याच माणसाची घरगुती आठ वाक्यं वाचून बटण पुन्हा ठेवायचं. दुसऱ्या वेळी ते जवळ येईल असा माझा अंदाज होता.

माणसं चार होती: अ, ब, क, ड. एक परिचारिका, एक ट्रकचालक, एक दुकानदार. ड म्हणजे माझा दादा.

दादा चौदा महिने घरी आला नव्हता. निवडणुकीच्या निकालादिवशी जेवताना बाबांचं आणि त्याचं वाजलं आणि तो भरल्या ताटावरून उठला. गेल्या आठवड्यात वाक्यं मागायला मी फोन केला, तेव्हा तो हसला.

"घे की. नाहीतरी माझं ऐकतंय कोण? पुठ्ठ्यावर छापलं तर निदान पोरं तरी वाचतील."

"पुढच्या रविवारी ये ना रे."

"बाबांनी एक फोन केला तर येतो. तुझ्या तोंडून निरोप नको. त्यांचा फोन."

बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "का? त्याचे हात मोडलेत?"

आज शुक्रवार होता. त्या रविवारला दोन दिवस उरले होते.

"काका, तुम्हीच बसा ना माझ्याबरोबर," वेण्यावाली म्हणाली. शाळेत सगळे त्यांना काकाच म्हणतात.

"मला कुठं तुमचा खेळ कळतोय," असं म्हणत बाबांनी स्टूल ओढलंसुद्धा.

पाकीट एकच उरलं होतं. मागच्या कोपऱ्यात बारीक खूण होती, ती फक्त मलाच कळणारी. ड. मला ते बदलता आलं असतं. पण पाकिटं मिसळल्यावर मधे हात घालायचा नाही, हा नियम मीच लिहिला होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी नियमाआड लपणं माझ्या सोयीचं होतं. मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

पहिल्या आठ वाक्यांना वर्गात हलकल्लोळ झाला. "ताई, बटण टेबलाखाली टाकलं तर चालेल का?" मागून एक मुलगा ओरडला.

"दीडशेच्या पुढे खेळ नाही," मी म्हणाले.

बाबा चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. दादाची ती वाक्यं ते ओळखतील ही भीती मला होती, पण ती त्याच्या बाजूचे सगळेच बोलतात, शब्दसुद्धा तेच. बाबांनी पुठ्ठे नीट एकावर एक रचले.

"असली वीस पोरं बघितलीत मी," ते वेण्यावालीला म्हणाले. "दुसऱ्याचं ऐकून बडबडतात. मनानं वाईट नसतात गं." आणि बटण चाळीसवर ठेवलं.

मी आकडा लिहून घेतला. चाळीस. वर्गात त्याच्याइतकं जवळ दुसरं बटण नव्हतं. मला वाटलं, जमलं.

घरगुती वाक्यांतून मी नावं, गावं, वयं, नोकऱ्या सगळं काढून टाकलं होतं. तीनदा तपासलं होतं. वास तपासायचा राहिला.

वेण्यावाली बाबांचे पुठ्ठे मोठ्याने वाचत होती. "'वडिलांच्या शर्टाला स्पिरिटचा वास यायचा. अजूनही दवाखान्यात शिरलं की मला घरी आल्यासारखं वाटतं.' काका, किती गोड ना? तुमच्याही शर्टाला येतो."

बाबांनी पुठ्ठा तिच्या हातातून घेतला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. मग उरलेले सात एकेक करून, बोट फिरवत. आजूबाजूला बटणं सरकत होती, जवळजवळ सगळी आतल्या बाजूला.

"काका, ठेवा ना."

बाबांनी बटण उचललं, उभे राहिले आणि टेबलाच्या कडेने पलीकडे चालत गेले. टेप जिथं संपते तिथं ते ठेवलं. हलू नये म्हणून अंगठ्याने दाबलं.

"अहो काका, उलटं झालं!"

"नाही बाळ. बरोबर आहे."

मुलं गेल्यावर त्यांनी टेपा गुंडाळायला घेतल्या. मी स्टुलं एकावर एक ठेवत होते.

"बाबा, आता तरी फोन कराल?"

"तुझ्या खेळात आहे का फोन?"

"त्यानं किती मायेनं लिहिलंय, वाचलंत ना."

"वाचलं. मला कधी बोलला नाही, परक्या पोरांना आधी वाचायला दिलं, एवढंच." त्यांनी टेपेला रबर लावला. "बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी इथं येऊन माझ्याशेजारी नळ्या धुवायचा. तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होती त्यानं? आणि तूही छापलंस. मला विचारलंस?"

मी शेवटचं स्टूल रचलं. त्यांनी बटणं डबीत मोजून टाकली आणि "अठ्ठावीस" म्हणून झाकण लावलं.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता मी अहवाल लिहायला बसले. तीन ताटं घेतली होती दुपारी. चौथं आईने काढलं होतं, ते तसंच परत ठेवलं. बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांचा फोन टेबलावर उपडा पडला होता. मी तो उलटून पाहिला. तीन दिवसांत केलेले कॉल दोन, दोन्ही शाळेला.

प्रौढ खेळाडू सरासरीत धरायचा नाही असं ठरलेलं होतं, म्हणून तो वेगळ्या ओळीत लिहिला.

विद्यार्थी, सत्तावीस: पहिली सरासरी ९१ सेंमी, दुसरी ५८ सेंमी.
प्रौढ, एक: पहिलं अंतर ४० सेंमी, दुसरं १५० सेंमी.