साफ करून बघ

धाकट्याला नवं काही दिसलं की हात लावल्याशिवाय चैन पडत नसे. लहानपणी घरातली घड्याळं खोलून ठेवायचा, मोठेपणी वेबसाइट बांधायची नवनवी टूल्स हाती लागली. एक आवडलं म्हणून त्यात बांधायला घ्यायचं, तेवढ्यात ऑफिसात कुणी दुसऱ्याची तारीफ केली की पहिलं मोडून त्यात घुसायचं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याच्याकडे चारही टिकत नसत.

एरवी यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण ताईच्या घशातली गाठ वाईट निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ताई गाडी चालवायला शिकवायची. तिने "क्लच!" म्हणून आवाज टाकला की शेजारच्या गाडीतला माणूससुद्धा पाय दाबायचा. तिचा आवाज जाणार म्हणजे घरातलं काय जाणार, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

"मी आहे ना," धाकटा म्हणाला. "टॅबलेटवर एक पान बनवतो. त्यावर बटणं. तू आत्ता बोलून ठेव, नंतर बटण दाबलं की तुझाच आवाज."

"माझाच ना? त्या यंत्रातली बाई बोलते तसलं नको हं. त्या आवाजात लेकीला हाक मारण्यापेक्षा मी मुकी बरी."

"तुझाच गं."

मग ताई रोज दुपारी दार लावून टॅबलेटसमोर बसू लागली. घसा ठणकायचा, मध्येच थांबून कोमट पाणी प्यायची, पुन्हा बोलायची. "ऊठ गं बाई, ऊन डोक्यावर आलं." "दिवे कोण बंद करणार, तुझा बाप?" तो बाप, म्हणजे भावोजी, दाराबाहेर उभा राहून ऐकायचा आणि हसता हसता डोळे पुसायचा. लेकीची हाक तर तिने कितीतरी तऱ्हांनी बोलून ठेवली. रागाची वेगळी, लाडाची वेगळी, ताप आल्यावर कपाळावर हात ठेवून मारायची वेगळी.

हे सगळं टॅबलेटमधल्या ब्राउझरच्या पोटात साठत होतं, दुसरीकडे कुठेच नाही. ते सर्व्हरवर न्यायला हवं हे धाकट्याला कळत नव्हतं असं नाही. पण कुठल्या पद्धतीने न्यायचं यावर त्याचं घोडं अडलं होतं. एक जोडणी केली, मोडली, दुसरी आणखी सुबक म्हणून ती सुरू केली. एकदा मनासारखं बसलं की नेतोच, असं म्हणता म्हणता ऑपरेशन येऊन ठेपलं.

ऑपरेशन नीट झालं. ताई घरी यायच्या दिवशी सकाळी धाकटा तिच्याच घरी टॅबलेट घेऊन बसला. सलाइनच्या सुयांनी दुखऱ्या झालेल्या हातांना सोपं जावं म्हणून त्याने बटणं मोठी केली होती, पण पडद्यावर जुनी छोटीच दिसत होती. त्याच्या धंद्यात या दुखण्यावर एकच काढा, साफ करून बघ. ब्राउझर जुनं पान धरून बसतो, त्याची साठवण पुसली की नवं दिसतं. ऑफिसात कुणीही रडत आलं की मान वर न करता हेच सांगायचं. बोटांना सवयच झालेली, ती डोक्याला विचारायला थांबत नसत. सेटिंग, या साइटचं सगळं, पुसा. 'नक्की पुसायचं?' असं टॅबलेटने विचारलंसुद्धा. त्याने हो दाबलं.

बटणं मोठी झाली. झकास दिसत होती. त्याने 'ऊठ गं'वर बोट ठेवलं, काही वाजलं नाही. आवाज वाढवला, पुन्हा दाबलं. मग त्याला कळलं, जुन्या पानाबरोबर ताईचे बोलही पुसले गेले होते.

त्याने ऑफिसात साइट तपासणाऱ्या टेस्टरला फोन लावला. "काहीतरी उपाय सांग रे. पाया पडतो तुझ्या."

"सर्व्हरवर असेल की."

"नेणार होतो."

टेस्टरने काय काय पुसलं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "पुसलेलं परत आणणारी टूल्स आहेत, करून बघ. पण ब्राउझरचं हाती लागणं कठीण. तुला मी काय सांगायचं?"

धाकट्याने मिळतील ती सगळी टूल्स लावली. प्रत्येकाने भरभरून आश्वासन दिलं आणि शेवटी रिकामी खिडकी दाखवली. एरवी नव्या टूलने हरखणारा हा माणूस आज एकेकापुढे अक्षरशः भीक मागत होता. मध्येच वेड्यासारखं त्याने सर्व्हरची जोडणी करून टाकली. महिनाभर रखडलेलं काम बसल्या बैठकीला झालं. बैल गेला आणि झोपा केला.

मग त्याला वाढदिवसाचा एक व्हिडिओ सापडला. त्यात गोंगाटामागे ताईची दोन वाक्यं होती. ती आवाजाची नक्कल करणाऱ्या एका नव्या टूलला देऊन त्याने 'ऊठ गं बाई' लिहिलं. आवाज आला. ताईसारखाच होता, पण ताई परक्या पाहुण्यांशी बोलते तसा, गुळगुळीत. हेच बटणांत भरलं तर कुणाला कळणार, असं मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस वाटली. त्याने ते पुसलं.

दाराशी गाडी थांबली. ताई भावोजींच्या आधाराने आत आली. गळ्यात पट्टी, पट्टीच्या मधोमध श्वासाचं भोक. खुर्चीत बसल्या बसल्या तिने टॅबलेटसाठी हात पुढे केला. भाची तिला बिलगून उभी होती.

"मामा, लाव ना!"

"ताई, पुसलं गेलं," धाकटा म्हणाला. "माझ्याच हाताने. सगळं."

"पुसलं म्हणजे?" भावोजींनी विचारलं. "परत आण ना. तुझं कामच ते."

"नाही येत, भावोजी."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिने आपल्याला फाडून खावं, एवढीच त्याची आता इच्छा उरली होती. आणि तिने तोंड उघडलं. बोट नाचवत, मान हलवत ती त्याला झाडू लागली, जन्मभर झाडत आली तशीच. ओठ भराभर हलत होते आणि गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फसफसत होती. धाकटा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने कान त्या भोकापाशी नेला.

"बोल, ताई," तो म्हणाला. "थांबू नकोस."

मागे भाचीने टॅबलेट उचलला होता आणि ती एकेक बटण दाबून बघत होती.